बारावीचं गणित: ‘फक्त पाच चॅप्टर करा, साठ मार्क फिक्स’ हे खरं आहे का?

जानेवारी उजाडला की इन्स्टाग्रामवर एक ठरलेला रील फिरायला लागतो. मागे पांढरा बोर्ड, सरांच्या हातात मार्कर आणि आवाजात प्रचंड घाई. ‘बारावी मॅथ्स, फक्त हे पाच चॅप्टर करा, ८० पैकी ६० फिक्स!’ खाली कमेंटमध्ये ‘सर पीडीएफ पाठवा ना’ची रांग लागलेली.

रील बघणाऱ्यांत सगळ्या प्रकारची मुलं असतात. कुणी वर्षभर क्लासला गेलंय, पण घरी येऊन वही उघडलेली नाही. कुणी जेईईच्या नादात बोर्डाचं पुस्तक पाहिलेलंच नाही. कुणी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून एकदम इंग्रजीतल्या इंटिग्रेशनसमोर येऊन पडलंय. परीक्षेला महिना-दीड महिना राहिलेला असतो आणि पाच चॅप्टर ही सुटकेची दोरी वाटते.

ती दोरी किती मजबूत आहे, हे बघायला गणितच करावं लागेल. आधी पेपर कसा असतो ते बघू. (हा लेख महाराष्ट्र बोर्डाच्या कला व विज्ञान शाखेच्या ‘गणित आणि संख्याशास्त्र’ या विषयाबद्दल आहे. कॉमर्सचं गणित वेगळं, त्याचं पुस्तक आणि पेपरही वेगळा.)

पेपरचा सांगाडा

विषय १०० मार्कांचा. त्यातले २० मार्क कॉलेजात होणाऱ्या प्रॅक्टिकलचे आणि जर्नलचे, उरलेले ८० लेखी. बालभारतीची २०२० साली आलेली पुस्तकं दोन भागांत आहेत. भाग १ मध्ये सात प्रकरणं: लॉजिक, मॅट्रिक्स, ट्रिग्नॉमेट्रिक फंक्शन्स, पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स, व्हेक्टर्स, लाइन अँड प्लेन आणि लिनियर प्रोग्रॅमिंग. भाग २ मध्ये आठ, आणि त्यातली पहिली सहा म्हणजे डेरिव्हेटिव्हपासून डिफरन्शियल इक्वेशनपर्यंत सलग कॅल्क्युलस. शेवटची दोन प्रोबॅबिलिटीची. एकूण १५.

या अभ्यासक्रमावर पेपर चार विभागांत येतो. विभाग ए मध्ये प्रत्येकी २ मार्कांचे ८ एमसीक्यू आणि प्रत्येकी १ मार्काचे ४ छोटे प्रश्न. हे २० मार्क सक्तीचे, इथे पर्याय नाही. विभाग बी मध्ये २ मार्कांचे १२ प्रश्न, त्यातले कोणतेही ८. विभाग सी मध्ये ३ मार्कांचे १२, त्यातले ८. विभाग डी मध्ये ४ मार्कांचे ८, त्यातले ५. बेरीज करा: २० + १६ + २४ + २० = ८०.

आता दुसरी बेरीज करू. छापलेले सगळे प्रश्न धरले, तर पेपर ११२ मार्कांचा असतो. म्हणजे ३२ मार्कांचे प्रश्न तुम्ही सोडू शकता. रीलवाल्यांचा सगळा खेळ या ३२ मार्कांवर चालतो.

पाच चॅप्टरचं गणित

सोयीसाठी धरून चालू की १५ प्रकरणांवर प्रश्न सारखे वाटलेले आहेत. प्रत्यक्षात तसं नसतं, काही प्रकरणं मोठी असतात, पण अंदाज यायला एवढं पुरे.

फक्त ५ प्रकरणं केली, म्हणजे एक तृतीयांश. विभाग ए मधले साधारण ७ मार्क हाताला लागतील. बी मध्ये १२ पैकी ४ प्रश्न ओळखीचे, म्हणजे ८ मार्क. सी मध्येही ४ प्रश्न, १२ मार्क. डी मध्ये ८ पैकी दोन-तीन प्रश्न, ८ ते १२ मार्क. सगळं अगदी बरोबर आलं तरी बेरीज ३५ ते ३९ च्या आसपास. मोठी प्रकरणं निवडली तर हा आकडा वर जाईल. पण ६० हवे असतील, तर ११२ पैकी निम्म्याहून जास्त मार्क त्याच पाच प्रकरणांतून यायला हवेत आणि त्यातला एकही मार्क चुकून चालणार नाही. ‘फिक्स’ हा शब्द इथे बसत नाही.

बरं, उलटं केलं तर? १० प्रकरणं केली आणि ५ सोडली. हा प्लॅन बरेच जण करतात आणि तो पहिल्यापेक्षा खूप शहाणा आहे. पण यातही एक गोम आहे. बी मध्ये १२ पैकी ४ प्रश्न सोडलेल्या प्रकरणांतले निघाले, की ८ उरतात आणि सोडवायचेही ८ च असतात. सी मध्ये तेच. डी मध्ये पाचेक उरतात, हवे असतात पाच. म्हणजे पर्याय नावाची गोष्ट घरीच संपलेली असते. परीक्षेत एखादा प्रश्न किचकट निघाला, तर त्याच्या जागी दुसरा घ्यायला काही शिल्लक नाही. शिवाय विभाग ए मधले सहा-सात मार्क जातात ते वेगळेच.

म्हणून प्रकरण सोडायचंच असेल, तर एखाद-दुसरंच. आणि पूर्ण सोडू नका. त्यातले एमसीक्यू आणि २ मार्कांचे प्रश्न येण्याइतपत तरी करा. फक्त ४ मार्कांचं लांबलचक गणित बाजूला ठेवा. बोर्डाने दिलेला पर्याय परीक्षेच्या दिवशी वापरण्यासाठी आहे, डिसेंबरमध्ये खर्च करण्यासाठी नाही.

बघितलं की येतं, लिहिलं की अडतं

चॅप्टर किती करायचे हा प्रश्न तसा छोटा. त्याहून मोठा घोळ ‘चॅप्टर केला’ म्हणजे काय, यात आहे.

व्हिडिओवर सर गणित सोडवतात. प्रत्येक ओळ कळते. कळलं म्हणून आपण पुढचा व्हिडिओ लावतो. यात शिकतो ते फॉलो करायला. पण परीक्षेत पहिली ओळ आपल्याला सुचावी लागते आणि तिचा सराव झालेलाच नसतो. सर ‘इथे टी पुट करू’ म्हणतात, पण टी का पुट करायचा, हा निर्णय आपण कधीच घेतलेला नसतो.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. शून्यापासून पाय भागिले दोनपर्यंत, साइन एक्स भागिले (साइन एक्स अधिक कॉस एक्स), याचं इंटिग्रल. ज्यांनी हे बघितलंय त्यांना उत्तर पाठ असतं: पाय भागिले चार. क्लासमध्ये शॉर्टकटही सांगतात, की असं रूप दिसलं की वरच्या लिमिटमधून खालची वजा करा आणि निम्मं करा. सीईटीत हे पाच सेकंदांत होतं आणि पूर्ण मार्क मिळतात.

बोर्डात मात्र तेच गणित लिहून दाखवायचं असतं. इंटिग्रलला आय म्हणा. एक्सच्या जागी (पाय भागिले दोन वजा एक्स) घालायची प्रॉपर्टी लिहा. साइनचा कॉस होतो, कॉसचा साइन, आणि आय चं दुसरं रूप मिळतं. दोन्हींची बेरीज करा, अंश आणि छेद सारखे होतात, आत उरतो १. म्हणजे २ आय = पाय भागिले दोन आणि आय = पाय भागिले चार. या प्रत्येक पायरीला मार्क आहेत. नुसतं उत्तर लिहिलं तर ते बरोबर असूनही पदरात फार काही पडत नाही. उलट पायऱ्या नीट लिहिल्या आणि शेवटी आकडेमोड चुकली, तर बरेचसे मार्क वाचतात. तपासणारा माणूस पायऱ्या बघत असतो.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण वाचा, पुस्तक बंद करा आणि तेच कोऱ्या कागदावर पहिल्या ओळीपासून लिहा. अडलात तर जिथे अडलात फक्त ती ओळ बघा आणि पुन्हा बंद करा. दोन दिवसांनी तेच गणित परत लिहा. एका बैठकीत एकाच प्रकरणाची वीस गणितं केली की हात आपोआप चालतो आणि सगळं येतंय असं वाटतं. पेपरात मात्र मॅट्रिक्सनंतर व्हेक्टर आणि व्हेक्टरनंतर इंटिग्रेशन येतं. म्हणून आठवड्यातले एक-दोन दिवस तरी वेगवेगळ्या प्रकरणांतली गणितं मिसळून सोडवा. सुरुवातीला फार चुकतील. चुकू द्या.

कुठल्या पुस्तकातून? बालभारतीच्याच. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी ‘मिसलेनियस एक्सरसाइज’ असते, ती अनेकांनी कधी उघडलेलीच नसते. तिच्यात एमसीक्यूही आहेत आणि मोठी गणितंही. पुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. २०२१ मध्ये राज्याच्या एससीईआरटीने बारावीच्या विषयांच्या प्रश्नपेढ्या काढल्या होत्या, त्या आजही सरावाला उपयोगी पडतात. गाइड घ्यायला हरकत नाही, पण उत्तर तपासायला घ्या, वाचायला नको.

मार्क नेमके कुठे जातात?

‘सिली मिस्टेक झाली’ असं आपण सहज म्हणून जातो. पण या चुका वर्षानुवर्षं त्याच त्या जागी होतात आणि जागा माहीत असली की पकडता येतात.

सगळ्यात आधी डेफिनिट इंटिग्रेशन. सब्स्टिट्यूशन केलं की लिमिटही बदलायच्या असतात. शून्य ते एक, २ एक्स भागिले (१ + एक्स²) हे गणित घ्या. १ + एक्स² = टी घेतलं, तर टी च्या लिमिट १ ते २ होतात आणि उत्तर येतं लॉग २. लिमिट शून्य ते एक अशाच ठेवल्या, तर लॉग शून्य करायची वेळ येते, जे अस्तित्वातच नाही. मी स्वतः बारावीला गणित घेतलं होतं (आणि पुढे मास कम्युनिकेशनला गेले, ती वेगळी गोष्ट). प्रीलिमला मी अगदी हेच केलं आणि लॉग शून्य म्हणजे शून्य असं ठोकून दिलं. बाईंनी त्यावर लाल पेनाने नुसतं एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते अजून आठवतं. इनडेफिनिट इंटिग्रलमध्ये शेवटचा ‘अधिक सी’ विसरणं हे याचंच धाकटं भावंड.

पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्समध्ये सापळा एच चा. सूत्रातल्या समीकरणात मधलं पद २एच असतं. एक्स² − ४ एक्सवाय + वाय² = ० या रेषांमधला कोन काढायचाय. इथे २एच = −४, म्हणून एच = −२. सूत्रात घातलं की टॅन थीटा = वर्गमूळ ३, कोन ६० अंश. घाईत एच = −४ घेतलं, तर टॅन थीटा = वर्गमूळ १५ येतं. असा कोन ओळखीच्या कोनांत कुठे नाही. बोर्डाच्या पेपरात विचित्र उत्तर आलं, तर शंका आधी स्वतःवर घ्या. दर वेळी तुम्हीच चुकलेले असाल असं नाही, पण बहुतेक वेळा असता.

ट्रिग्नॉमेट्रीत जनरल सोल्यूशनची तीन सूत्रं एकमेकांत मिसळतात. साइनचं एनपाय अधिक (−१ चा एन घात) गुणिले अल्फा, कॉसचं २एनपाय अधिक-उणे अल्फा, टॅनचं एनपाय अधिक अल्फा. पाठांतरापेक्षा एक वर्तुळ काढून बघा. कॉसची किंमत वर आणि खाली सारख्या कोनावर सारखी असते, म्हणून अधिक-उणे. टॅनची किंमत अर्ध्या फेरीने परत येते, म्हणून एनपाय. एकदा चित्र डोक्यात बसलं की सूत्र विसरलं तरी परत उभं करता येतं. शेवटी ‘एन हा पूर्णांक’ हे लिहायला विसरू नका.

मॅट्रिक्सचा इन्व्हर्स काढताना रो आणि कॉलम ऑपरेशन एकाच गणितात मिसळू नका. सुरुवात रो ने केली तर शेवटपर्यंत रो. आणि इन्व्हर्स आला की मूळ मॅट्रिक्सशी गुणून एखादी रो तरी तपासा. आयडेंटिटीची रो आली तर ठीक, नाही तर चूक तिथेच सापडते. अर्धा मिनिट लागतो.

लिनियर प्रोग्रॅमिंगमध्ये ग्राफ पेपर लागत नाही, रफ स्केच चालतं, असं प्रश्नपत्रिकेवरच लिहिलेलं असतं. पण म्हणूनच स्केचवरून नजरेने बिंदू वाचू नका. एक्स + २ वाय हे ८ पेक्षा जास्त नको, ३ एक्स + २ वाय हे १२ पेक्षा जास्त नको, दोन्ही चल शून्य किंवा जास्त, आणि ३ एक्स + ४ वाय जास्तीत जास्त करायचंय. दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू समीकरणं सोडवूनच काढा: (२, ३). मग कोपरे एकेक करून तपासा. (०, ०) वर ०, (४, ०) वर १२, (०, ४) वर १६ आणि (२, ३) वर १८. उत्तर १८. हात बसला की हे प्रकरण पूर्ण मार्क देऊन जातं, आणि तरीही ते शेवटच्या दिवसावर ढकललं जातं. का, ते मला कळलेलं नाही.

प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्यूशनमध्ये सगळ्या शक्यतांची बेरीज १ येते का, ते बघा. फाशाच्या गणितात एक्स्पेक्टेड व्हॅल्यू ७ आली किंवा कुठेही व्हेरियन्स ऋण आला, तर पुढे जाऊच नका.

अॅप्लिकेशन ऑफ डेरिव्हेटिव्हमध्ये मॅक्सिमा काढताना पहिला डेरिव्हेटिव्ह शून्य करून मुलं थांबतात. ३६ सेंटिमीटर तारेचा जास्तीत जास्त क्षेत्रफळाचा आयत म्हणजे ९ बाजूचा चौरस, हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. पण दुसरा डेरिव्हेटिव्ह ऋण आहे हे दाखवलं नाही, तर ते मॅक्सिमम आहे हे सिद्ध कुठे झालं?

गणित येतं, प्रश्न कळत नाही

बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत सायन्स इंग्रजीतून शिकवतात. सेमी-इंग्रजीतून आलेल्यांना निदान संज्ञा ओळखीच्या असतात. पूर्ण मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी अकरावीचं वर्ष शब्द समजून घेण्यातच जातं. यावर फार कुणी रील करत नाही, पण मार्क इथेही जातात.

बायनॉमिअलचं साधं गणित घ्या. एक नाणं ५ वेळा उडवलं. ‘एक्झॅक्टली ३’ छापे येण्याची शक्यता ५/१६. ‘ॲट लीस्ट ३’ असेल तर ३, ४ किंवा ५ छापे, शक्यता १/२. ‘ॲट मोस्ट ३’ असेल तर ० पासून ३ पर्यंत, १३/१६. ‘मोअर दॅन ३’ असेल तर फक्त ४ आणि ५, म्हणजे ३/१६. नाणं तेच, सूत्र तेच, उत्तरं चार. गंमत म्हणजे ‘लीस्ट’ म्हणजे कमी, हे डोक्यात पक्कं असल्यामुळे ‘ॲट लीस्ट’ वाचलं की मुलं खालच्या बाजूला जातात. ‘ॲट लीस्ट ३’ म्हणजे ‘कमीत कमी ३’, तिथून वर जायचं. ‘ॲट मोस्ट’ म्हणजे ‘फार तर’, तिथून खाली.

लॉजिकच्या प्रकरणातही मराठीत विचार करून बघा. ‘पाऊस पडला तर मॅच रद्द होते.’ याचं कन्व्हर्स: ‘मॅच रद्द झाली तर पाऊस पडला.’ काँट्रापॉझिटिव्ह: ‘मॅच रद्द झाली नाही तर पाऊस पडला नाही.’ आणि निगेशनमध्ये ‘तर’ उरतच नाही: ‘पाऊस पडला आणि मॅच रद्द झाली नाही.’ निगेशनमध्ये ‘तर’ तसाच ठेवणं ही या प्रकरणातली नेहमीची चूक. मराठीत एकदा पटलं की इंग्रजीत लिहायला अवघड जात नाही. वहीच्या शेवटच्या पानावर अशा वीस-पंचवीस शब्दांची स्वतःची यादी करा. तेवढी पुरते.

बोर्ड करू की सीईटी?

अनेक घरांत हा वाद होतो. ‘इंजिनिअरिंगचं ॲडमिशन सीईटीवर आहे, बोर्डाचे मार्क कोण विचारतं?’

अर्धं बरोबर आहे. राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या जागांसाठी मेरिट एमएचटी-सीईटीच्या किंवा जेईईच्या स्कोअरवर लागतं. पण पात्रतेसाठी बारावीत फिजिक्स, मॅथ्स आणि तिसरा ठरलेला विषय मिळून किमान ४५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना ४० टक्के. एनआयटीसारख्या केंद्रीय संस्थांना जेईईबरोबर बारावीत ७५ टक्के (एससी, एसटी साठी ६५) किंवा आपल्या बोर्डात पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. जेईईचा स्कोअर हातात आहे आणि बोर्डाची अट पूर्ण होत नाही, ही परिस्थिती फार वाईट. आणि बीएस्सी किंवा इतर कोर्सला जायचं ठरलं, तर अनेक ठिकाणी बारावीचेच मार्क बघतात.

दोन्ही परीक्षांची चाल मात्र वेगळी. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, वेळ ९० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. बोर्डात मार्कांच्या हिशोबाने २ मार्कांच्या एमसीक्यूला साडेचार मिनिटं येतात. सीईटीतले साधारण ८० टक्के प्रश्न बारावीचे, २० टक्के अकरावीचे. त्यामुळे बारावीचं पुस्तक नीट लिहून केलं की सीईटीचा मोठा भाग त्यातच होतो. नंतर फक्त वेग आणि अकरावीची ठरावीक प्रकरणं उरतात.

म्हणून माझं मत: बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत लिहिण्याचा सराव थांबवू नका आणि शॉर्टकट बोर्डानंतर शिका. बोर्ड फेब्रुवारी-मार्चमध्ये होतं, सीईटी त्यानंतर. मधला वेळ वेग वाढवायला पुरतो. जेईईवाल्यांचं गणित वेगळं, कारण त्यांचं पहिलं सेशन जानेवारीतच असतं. त्यांनी रोज निदान एक ४ मार्कांचं गणित बोर्डाच्या पद्धतीने पूर्ण लिहावं, नाही तर हाताला लिहायची सवयच राहत नाही.

पेपरच्या दिवशी

वेळ तीन तास, आणि २०२३ पासून शेवटी १० मिनिटं जास्तीची. तीन तासांत ८० मार्क म्हणजे एका मार्काला सव्वादोन मिनिटं. या हिशोबाने विभाग ए ला ४५ मिनिटं, बी ला ३६, सी ला ५४ आणि डी ला ४५. प्रत्यक्षात ए ३५ मिनिटांत उरकायचा प्रयत्न करा, वाचलेली दहा मिनिटं डी ला द्या. प्रत्येक विभाग नव्या पानावर सुरू करायचा असतो.

एमसीक्यूचे दोन नियम प्रश्नपत्रिकेवर छापलेले असतात आणि तरी वाचले जात नाहीत. पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायचं. नुसतं अक्षर किंवा नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क नाहीत. दुसरा नियम, फक्त पहिल्यांदा लिहिलेलं उत्तर धरतात. म्हणजे एक उत्तर लिहून खोडलं आणि पुढच्या पानावर बरोबर लिहिलं, तरी उपयोग नाही. त्यामुळे आधी रफमध्ये पक्कं करा, मग लिहा. इंटिग्रेशनचा एमसीक्यू अडला तर चारही पर्यायांचे डेरिव्हेटिव्ह काढून बघा. एक जुळतोच.

कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. घरी सराव करताना फोनचा कॅल्क्युलेटर उघडत असाल, तर ही सवय आजच मोडा. परीक्षेत १७ गुणिले १३ ला थांबणारी मुलं मी बघितली आहेत.

पर्यायी प्रश्नांत जो पहिला दिसेल तो सुरू करू नका. बी, सी आणि डी चे सगळे प्रश्न आधी वाचा, खात्रीच्या प्रश्नांना टिक करा आणि तेच आधी लिहा. एखाद्या ४ मार्कांच्या गणितात दहा मिनिटं होऊन गेली, तर जागा सोडा आणि पुढे जा. शेवटच्या दहा मिनिटांत नवीन गणित सुरू करण्यापेक्षा लिमिट, चिन्हं आणि ‘अधिक सी’ तपासा.

पेपर अवघड गेला तर?

निकालानंतर मार्क पटले नाहीत तर बोर्डाकडे गुणपडताळणीचा अर्ज करता येतो, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवता येते आणि पुनर्मूल्यांकनही होतं. पण पुनर्मूल्यांकनासाठी आधी फोटोकॉपी घेणं सक्तीचं आहे. या सगळ्याची मुदत निकालानंतर लगेच सुरू होते आणि लवकर संपते. फोटोकॉपी हातात आली की ती आपल्या शिक्षकांकडून तपासून घ्या आणि मगच पुढचे पैसे भरा. नापास झालेल्यांसाठी त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते, ती जून-जुलैच्या सुमारास होते. पेपरचा आराखडा किंवा अभ्यासक्रम बदलू शकतो, त्यामुळे तुमच्या वर्षाची माहिती बोर्डाच्या अधिकृत वेबसाइटवर बघून घ्या, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवर नाही.